मॅच म्हणजे मेरिट लिस्ट नव्हे

(वाचकांचे प्रश्न, धंतोलीतल्या फिजिशियन डॉक्टरांची उत्तरं)

डिसेंबरच्या अंकात मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल उत्तर देताना मी सहज लिहून गेले की सात वर्षं अमेरिकेत काढून मी नागपूरला परत आले. त्या एका वाक्यावर सत्तावीस पत्रं आली. गोळ्यांबद्दल एकही नाही. बहुतेकांना एकच विचारायचं होतं, तिकडे रेसिडेन्सीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पगारी प्रशिक्षणाला, जायचं कसं आणि जावं का. (यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, स्टेप वन, टू, थ्री हे तिचे टप्पे; आणि रेसिडेन्सीच्या जागा वाटायची पद्धत म्हणजे मॅच.) त्यातली चार पत्रं घेतली आहेत. मधुमेहवाल्यांनी हा महिना मला माफ करावं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मेडिकलला (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) इंटर्न आहे. घर उमरेडला, इथे हनुमाननगरात आम्ही तिघी खोली करून राहतो. स्टेप वन शिकत असतानाच दिली, पास आहे. रूममेट दोघी नीट-पीजीच्या मागे लागल्यात आणि मी मध्येच लटकले आहे. सीनिअर सांगतात की सरकारी सेवेच्या बॉण्डचे दहा लाख भरून मोकळी हो, वर्षभर खोलीत बस आणि स्टेप टूला २६० च्या वर आण, त्याशिवाय तिकडे कुणी विचारत नाही. बाबा तयार आहेत, पण त्यासाठी शेत गहाण पडेल. काय करू? — एक इंटर्न

उत्तर : शेत गहाण टाकू नकोस. बाबांना आजच फोन करून सांग, मग पुढचं वाच.

तुझे सीनिअर खोटं सांगत नाहीत, अर्धं सांगतात. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला मार्कच राहिले नाहीत, नुसतं पास-नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप टू सीकेच्या, म्हणजे स्टेप टूच्या लेखी परीक्षेच्या, आकड्यावर आला. पास व्हायला २१८ लागतात (जुलै २०२५ च्या आधी २१४ पुरायचे), पण नुसतं पास होऊन भागत नाही हे खरं. अर्जांचा ढीग येतो, ऑफिसातलं कुणीतरी कॉम्प्युटरवर चाळणी लावतं आणि कमी आकड्याची फाइल उघडलीच जात नाही. इथवर सीनिअरांचं बरोबर. फाइल उघडल्यावर आत काय बघतात, ते मात्र त्यांनी तुला सांगितलेलं दिसत नाही.

बारावीपासून आपण एकाच पद्धतीला सरावलोय. मार्क, रँक, कॅप राउंड. वरच्याने आधी उचलायचं, उरलेलं खालच्याला. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. रेसिडेन्सी ही त्या अर्थाने अ‍ॅडमिशन नाहीच, ती नोकरी आहे. वर्षाला साधारण साठ-सत्तर हजार डॉलर पगार मिळतो, आणि जिच्या भरवशावर वॉर्ड सोडून सीनिअर रात्री झोपू शकेल अशी व्यक्ती त्यांना त्या पगारात हवी असते. आधी मुलाखती होतात, मग तू प्रोग्रॅमची पसंतीक्रमाने यादी द्यायची, त्यांनी उमेदवारांची द्यायची, आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. स्थळं बघण्यासारखंच झालं हे, असं माझी आई तेव्हा म्हणाली होती आणि मी हसले होते. नंतर कळलं की आई गणितातलं बोलत होती. गेल आणि शेपली या दोघांनी १९६२ मध्ये हा प्रश्न मांडला तो कॉलेजप्रवेश आणि लग्नं यांच्याच भाषेत. पुढे १९९०च्या दशकात आल्विन रॉथ यांनी मॅचची पद्धत त्या धर्तीवर नव्याने बसवून दिली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शेपली आणि रॉथ यांना मिळालं.

आता माझं सांगते. मीही मेडिकलचीच, १९९७ ची बॅच. इंटर्नशिप संपल्यावर तुझ्या सीनिअरांनी सांगितलं अगदी तेच मी केलं. खोलीत बसले. दोन वर्षं. तेव्हा स्कोअर दोन आकड्यांतही यायचा आणि ‘नाइन्टीनाइन’ आला की पोरं पेढे वाटायची. माझे दोन नाइन्टीनाइन होते. मुलाखती आल्या चार. एडिसनला एका ओळखीच्या ताईंच्या सोफ्यावर झोपून, बसने हिंडून दिल्या. चारही ठिकाणी, वेगवेगळ्या शब्दांत, एकच विचारलं गेलं : गेल्या दोन वर्षांत तुम्ही किती पेशंट पाहिलेत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्च २००६ मध्ये तुकडोजी चौकातल्या एका सायबर कॅफेत मी ईमेल उघडला. मॅच झालं नव्हतं. शेजारच्या केबिनमधला पोरगा क्रिकेटचा गेम खेळत होता, त्याचा आवाज अजून कानात आहे. कॅफेवाल्याने अर्ध्या तासाचे दहा रुपये मागितले, मी वीसची नोट ठेवून सुटे न घेताच बाहेर पडले.

दुसऱ्या महिन्यात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्रपाळी धरली. पगार सांगण्यासारखा नव्हता. पण पुढच्या हिवाळ्यात ब्रुकलिनच्या एका मुलाखतीत बाईंनी विचारलं, सध्या काय करता, तेव्हा मी न थांबता वीस मिनिटं बोलले. गडचिरोलीहून आलेल्या, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलीबद्दल सांगितलं. रात्री दोन वाजता तिचे हातपाय ठणकत होते, आणि तिचा बाप रडत नव्हता कारण त्याने हे आधी मोठ्या मुलाचं पाहिलं होतं. बाई पुढे सरकून बसल्या. ब्रुकलिनच्या त्या वॉर्डात सिकलसेलचे पेशंट रोजचे. फक्त ते आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाचे. विदर्भातही हा आजार घरोघरी असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला शिकवायचं सोडून प्रश्न विचारायला सुरुवात केली. २००७ ला मॅच तिथेच झालं.

म्हणून सांगते, बॉण्ड भरू नकोस, कर. वर्षभर पीएचसीला, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, जा. साप चावलेला, विंचू चावलेला, सिकलसेल, रक्त कमी झालेल्या बाळंतिणी, सगळं स्वतःच्या हाताने बघशील, पगार मिळेल, शेत राहील. संध्याकाळी यूवर्ल्ड या ऑनलाइन प्रश्नसंचातले चाळीस प्रश्न सोडव, रविवारी ऐंशी. स्टेप टू सीके हा पेशंटचाच पेपर आहे. सकाळी पाहिलेला निमोनिया संध्याकाळी प्रश्नात आला की पाठ करावा लागत नाही.

आणि एक घाई कर. तू अजून इंटर्न आहेस, हे भांडवल मार्च-एप्रिलमध्ये संपेल. तिकडच्या हॉस्पिटलात पेशंटला हात लावता येतो असं इलेक्टिव्ह (काही आठवड्यांचं काम) सहसा विद्यार्थ्यालाच देतात. आपली इंटर्नशिप विद्यार्थीदशेत धरायची की नाही हे प्रत्येक हॉस्पिटल आपल्या मनाने ठरवतं. पदवी हातात आली की उरतं ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे पांढरा कोट घालून हात खिशात ठेवून उभं राहायचं. आज रात्रीच ईमेल पाठवायला लाग. पन्नास पाठवलेस तर दोघं उत्तर देतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण पत्रात ‘मला बोलता येत नाही’ असं खोडलेलं वाक्य दिसलं. माझ्या वेळी त्याचीच वेगळी परीक्षा होती, स्टेप टू सीएस. फिलाडेल्फियाला गेले होते. बारा खोल्या, बारा नट-नट्या पेशंट बनून बसलेल्या, प्रत्येकी पंधरा मिनिटं. एका खोलीत पन्नाशीच्या बाई पोट धरून होत्या. मी विचारतेय, कधीपासून दुखतं, जळजळ की कळ. त्या मध्येच म्हणाल्या, ‘माझा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला.’ आणि मी, सव्वाशेची ओपीडी काढायची सवय झालेली पोरगी, म्हणाले, ‘ओके. उलटी होते का?’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे असं पाहिलं की ती नटी राहिलीच नाही. पास कशी झाले देव जाणे. माझं इंग्रजी त्या दिवशी उत्तम होतं. ती परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली. आता परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेच्या ‘पाथवे’मध्ये ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ती तू काढशील. व्याकरणाला घाबरू नकोस, पण पेशंटने मध्येच काही सांगितलं तर थांबायला शीक. पीएचसीत त्याचाही सराव होईल, मराठीत झाला तरी चालतो.

प्रश्न : मी वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालो आहे, मनीषनगरला राहतो. मुलगा खाजगी कॉलेजातून एमबीबीएस झाला, दोन्ही स्टेप पास आहेत. सीताबर्डीवरचे एक कन्सल्टंट सहा लाखांचं पॅकेज सांगतात : तीन महिने ऑब्झर्व्हरशिप, तीन शिफारसपत्रं, पाच रिसर्च पेपरमध्ये नाव. पुढे स्टेप थ्रीसाठी ‘खात्रीचे प्रश्न’ टेलिग्रामवर वेगळ्या पैशांत. हे सगळे करतात म्हणे. एकूण किती खर्च धरावा आणि व्हिसा कोणता चांगला? — एक पालक

उत्तर : काका, टेलिग्रामचं आधी. तो ग्रुप मुलाच्या फोनमधून आज काढायला लावा. जानेवारी २०२४ मध्ये यूएसएमएलईवाल्यांनी नेपाळशी संबंधित कितीतरी जणांचे आधी जाहीर झालेले निकाल रद्द केले, कारण उत्तरांचा नमुनाच सांगत होता की प्रश्न आधी मिळाले होते. हाती आलेला पास निकाल गेला. असा ठपका एकदा रेकॉर्डवर आला की पुढे प्रत्येक लायसन्सच्या वेळी तो समोर येतो. ‘सगळे करतात’ हे वाक्य नागपुरात आपण हेल्मेटबद्दलही म्हणतो.

पाच पेपरचं : मुलाखतीत ‘तुमच्या तिसऱ्या पेपरमध्ये सॅम्पल कसं निवडलं?’ एवढं एकच विचारलं तर तो काय सांगणार? मी स्वतः तिकडे सीनिअर रेसिडेंट असताना मुलाखतीला आलेल्या मुलांसोबत जेवायला बसायची. असे पेपरवाले पाच मिनिटांत कळायचे, आणि संध्याकाळी आम्हाला मत विचारलं जायचं. शिफारसपत्र लिहिणारा डॉक्टर ते थेट पोर्टलवर चढवतो, उमेदवार सहसा वाचतही नाही. विकत घेतलेलं पत्र कसं असतं ठाऊक आहे? नाव बदललं की कुणालाही लागू पडतं. मुलाला जो डॉक्टर नावाने ओळखतो त्याचं, मग तो आपल्या रामदासपेठेतला का असेना, पत्र एक तरी असू द्या. ऑब्झर्व्हरशिप मात्र खरी असेल तर उपयोगी आहे. पैसे देण्याआधी हॉस्पिटलचं नाव विचारा आणि तिथल्या ऑफिसला स्वतः ईमेल करा. नाव सांगायला कां-कूं केलं तर उठून या.

खर्च. एकेका स्टेपची फी हजार डॉलरच्या वर जाते. लोक हिशेब चुकतात तो पुढे, अर्जांवर. इरास या अर्जाच्या पोर्टलचा २०२५ च्या सीझनचा दर असा होता की एका शाखेत पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर, एकतिसाव्यापासून प्रत्येकी ३०. म्हणजे शंभर अर्जांना २४३० डॉलर, दीडशेला ३९३०. डॉलर नव्वदचा धरला तर दीडशे अर्ज साडेतीन लाखांना पडले, आणि अजून मुलगा खुर्चीतून उठलेलाही नाही. शिवाय आता ‘सिग्नल’ असतात, म्हणजे हा प्रोग्रॅम मला विशेष हवा असं कळवायच्या मोजक्या खुणा. इंटर्नल मेडिसिनला तीन सोन्याचे, बारा चांदीचे. ज्याला सिग्नल नाही तो प्रोग्रॅम तुमचा अर्ज फारसा मनावर घेत नाही. म्हणून दीडशे अर्ज अंधारात फेकण्यापेक्षा, आपल्यासारखे परदेशी पदवीधर आणि व्हिसावाले आधी घेतलेले आहेत असे साठ-सत्तर शोधायला मुलाला बसवा. कंटाळवाणं काम आहे. कन्सल्टंट ते करत नाहीत. तिकिटं, राहणं, स्टेप थ्री वगैरे धरून पंधरा ते वीस लाख मनात ठेवा. हा माझा अंदाज आहे, ओळखीच्या पोरांच्या खर्चावरून.

व्हिसा निवडायला आपल्या हातात फार नसतं. बहुतेकांना जे-वन हा प्रशिक्षणाचा व्हिसा मिळतो. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि रेसिडेन्सी झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट येते. ती टाळायची तर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. कॉनराड नावाच्या सिनेटरांमुळे १९९४ पासून ही सोय आहे, आता दर राज्याला वर्षाला ३० जागा. मी अशीच कॅन्ससच्या एका गावात होते. गहू, गुरं, आणि हृदयाचा डॉक्टर दोन तासांवर. वाईट नव्हतं; भाकरी मात्र स्वतः थापायला तिथेच शिकले. एच-वन या नोकरीच्या व्हिसाला ही अट नाही, पण रेसिडेन्सीआधीच स्टेप थ्री लागते, ती फक्त अमेरिकेतच देता येते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्यांच्या नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली आहे. हॉस्पिटलं बिचकली आहेत. तेव्हा जे-वन धरून चला.

तुम्ही विचारलं नाही ते सांगते. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकी एमडी कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्के लागले. बाहेरून आलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी ५८ टक्के. म्हणजे दहांतले चार जण मार्चमध्ये घरी बसतात. तुमच्या मुलाचं एप्रिलमध्ये काय, हे आजच त्याच्याशी बोला. निकालाच्या रात्री बोलू नका, माझ्या वडिलांनी तो प्रयत्न केला होता.

प्रश्न : मी २०१४ चा पदवीधर. काटोलला एका नर्सिंग होममध्ये अकरा वर्षं आहे. बायको शिक्षिका, मुलगी पहिलीत. आता तयारी सुरू केली तर उशीर झाला का? — एक ज्युनिअर

उत्तर : हो, झाला. गोड बोलून तुला तीन वर्षं फिरवण्यापेक्षा हे बरं. पुष्कळ प्रोग्रॅम पाच वर्षांपेक्षा जुनी पदवी असली की अर्ज गाळतात. अशक्य नाही, तुझ्यासारखे फॅमिली मेडिसिनला लागलेले मी पाहिलेत, आणि तू सतत पेशंट बघतोयस हे तुझ्या बाजूने आहे. पण परीक्षांना दोन वर्षं, एक-दोन सीझन मॅचचे, म्हणजे चाळिशीत इंटर्न. आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा तिथे आहे, पण ऐंशी म्हणजे ऐंशी. बायकोची नोकरी जाणार, तिच्या व्हिसावर काय करता येतं हे तिने आधी वाचावं. तुला अमेरिका हवी आहे की काटोल नको आहे? दुसरं असेल तर डीएनबी, फॅमिली मेडिसिन, नागपुरातल्या जागा, बरंच काही आहे. एकदा ओपीडीच्या वेळेनंतर धंतोलीत ये. चहा पाजते आणि तुझा हिशेब कागदावर मांडू.

प्रश्न : माझ्या सहा मुलाखती झाल्या. सगळ्या ऑनलाइन, घरूनच. एका मुलाखतीच्या वेळी आमच्या गल्लीत वरात आली आणि नवरदेवाचा डीजे दहा मिनिटं दारासमोर थांबला. ती बिघडली असेल का? आणि एका प्रोग्रॅमचा ‘तुम्ही आम्हाला फार आवडलात’ असा मेल आलाय. तो यादीत एक नंबरवर टाकू का? मला खरं तर दुसराच आवडला. — नंदनवनमधून एक

उत्तर : अगं, डिसेंबरात संध्याकाळी साडेसहा ते अकरा म्हणजे त्यांच्याकडची सकाळ आणि आपल्याकडचा लग्नाचा मुहूर्त. वरातीचं तू काय केलंस ते लिहिलं नाहीस. हसून ‘माझ्या शेजारी लग्न आहे, दोन मिनिटं द्या’ म्हणाली असशील तर बिघडलं नाही, उलट सगळ्या उमेदवारांत तू लक्षात राहिली असशील.

मेलवर जाऊ नकोस. ‘स्थळ पसंत आहे, कळवतो’ म्हणणाऱ्यांचं आपल्याकडे काय होतं ते तुला माहीत आहे. ही पद्धत उमेदवाराच्या बाजूने चालते : कॉम्प्युटर आधी तुझी एक नंबरची पसंती लावून बघतो, नाही जमलं तरच दुसरी. वरची आवडती जागा नाही मिळाली म्हणून खालच्या जागेवरचा तुझा हक्क कमी होत नाही. तेव्हा जो खरा आवडला तो एक नंबर, चलाखी नको. आणि सहाच्या सहा नावं टाक. जिथे जायचंच नाही असं एखादं असेल तेवढं सोड, कारण मॅच झाल्यावर नाही म्हणता येत नाही.

सोमवार १६ मार्च २०२६ ला आपल्या संध्याकाळी साडेसात वाजता मॅच झालं की नाही एवढं कळेल, कुठे ते शुक्रवारी रात्री. सोमवारी ‘नाही’ आलं तर फोन बंद करून पडून राहू नकोस, रिकाम्या राहिलेल्या जागांची ‘सोप’ फेरी लगेच सुरू होते. ४५ प्रोग्रॅमपर्यंत अर्ज करता येतो, आणि आपण होऊन कुणालाही फोन करायचा नाही, काकांच्या ओळखीचा असला तरी. त्या फेरीतल्या ऑफर गुरुवारी येतात. यंदा तो गुरुवार १९ तारखेचा, गुढीपाडवा. पहिली ऑफर आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला. आईला सांगून ठेव, पाहुणे सकाळीच बोलव म्हणावं.